बालकांचा दमा : समज, उपचार आणि गावाची जबाबदारी

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या तालुका पातळीवरील आरोग्य शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यविषयक शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने व्याख्यानास उभे राहावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नाही. कलाशाखेचा विद्यार्थी आहे. रोग्याची नाडी पाहणे हे माझे काम नव्हे. परंतु काही रोग असे असतात की, त्यांचे औषध दवाखान्यात मिळते, पण त्यांचा बंदोबस्त मात्र घरात, वर्गात आणि गावच्या चावडीवर करावा लागतो. लहान मुलांचा दमा हा अशा रोगांपैकी एक होय. दमा असलेले मूल डॉक्टरांसमोर वर्षातून चार-सहा वेळा, दहा-पंधरा मिनिटे बसते. उरलेला सर्व काळ ते आपल्या सान्निध्यात असते. म्हणून या रोगाविषयी आपण काय समजतो आणि काय करतो, यावर त्या मुलाचे स्वास्थ्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे.

प्रथम रोगाचा विस्तार लक्षात घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या एका वर्षात या रोगाने ४ लाख ५५ हजार माणसे दगावली. मुलांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या रोगांमध्ये दम्याचे स्थान अग्रभागी आहे. जागतिक रोगभाराच्या २०१९ च्या अभ्यासानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत. म्हणजे जगातील रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के आपल्याकडे आहेत. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्या देशात होतात. या दोन आकड्यांमधील अंतर विचार करावयास लावणारे आहे. भारतातला दमा काही अधिक उग्र नाही. रोग ओळखण्यात, योग्य औषध घेण्यात आणि ते नेमाने चालू ठेवण्यात आपण मागे पडतो, हेच त्या अंतराचे मुख्य कारण आहे.

दमा म्हणजे काय?

हा रोग आजचा नाही. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी ‘तमक श्वास’ आजच्या दम्याशी मिळताजुळता आहे. ढगाळ हवा, पाऊस, थंडी आणि पूर्वेचा वारा यांनी तो बळावतो आणि रोग्याला निजण्यापेक्षा बसून राहण्यात आराम वाटतो, असे निरीक्षण त्यात नोंदविलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी जे पाहिले, तेच आपण आज आषाढ-श्रावणात घरोघरी पाहतो. फरक इतकाच की, त्यामागील कारण आता स्पष्टपणे समजले आहे.

आपल्या फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या वडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत विभागत बारीक होत जातात. दमा असलेल्या मुलाच्या या श्वासनलिकांच्या आतील अस्तराला कायमची सूज असते. ही सूज बाहेरून दिसत नाही आणि मूल बरे असतानाही ती पूर्णपणे जातेच असे नाही. अशा हुळहुळ्या झालेल्या नळ्यांना धूर, धूळ, थंड हवा किंवा सर्दीचे निमित्त मिळाले की तीन गोष्टी एकदम घडतात. नळीभोवतालचे स्नायू आवळतात, अस्तराची सूज वाढते आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते. श्वास आत घेता येतो, पण बाहेर टाकताना कष्ट पडतात. म्हणून छातीतून शिळेसारखा आवाज येतो. शहाळ्याला लावतात तशी एक बारीक नळी तोंडात धरावी, नाक चिमटीत पकडावे आणि अर्धा मिनिट केवळ त्या नळीतून श्वास घेऊन पाहावा. दम्याच्या झटक्यात सापडलेल्या मुलाची अवस्था थोडीफार आपल्या ध्यानात येईल.

वारंवार येणारा खोकला, विशेषतः रात्री वा पहाटे येणारा. धावल्यावर, हसल्यावर किंवा रडल्यावर लागणारी धाप. प्रत्येक सर्दी छातीत उतरणे. घरात कोणाला दमा, इसब किंवा सततच्या शिंका असणे, ही दम्याची सूचक चिन्हे होत. पाच वर्षांखालील पुष्कळ मुलांची छाती केवळ सर्दीमुळे वाजते आणि वाढत्या वयाबरोबर ती तक्रार नाहीशीही होते. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, ताप आणि वजन घटणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर क्षयाची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. दम्याला क्षय समजणे आणि क्षयाला दमा समजणे, या दोन्ही चुका मुलाला महागात पडतात. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. दमा हा संसर्गजन्य रोग नाही. दमा असलेल्या मुलाला वेगळ्या बाकावर बसविण्याचे किंवा त्याचे पाण्याचे भांडे निराळे ठेवण्याचे काहीएक कारण नाही.

दोन औषधे, दोन कामे

दम्याच्या उपचाराविषयी गोंधळ होतो, तो औषधांची दोन वेगवेगळी कामे न समजल्यामुळे. एक औषध आवळलेले स्नायू सैल करते. सालब्युटामॉल हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. ते काही मिनिटांत आराम देते आणि चार ते सहा तास टिकते. परंतु अस्तराची सूज ते कमी करीत नाही. दुसरे औषध सूज आटोक्यात ठेवते. ते म्हणजे ब्युडेसोनाइडसारखे श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड. त्याचा परिणाम दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात आणि ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमाने घ्यावे लागते. पहिले औषध लागलेली आग विझविते. दुसरे ती लागू देत नाही. केवळ तात्पुरत्या आरामाच्या औषधावर विसंबून राहणे धोक्याचे आहे, असे आज जगभरातील तज्ज्ञ मानतात. ‘ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा’ या संस्थेने तर २०१९ पासून बारा वर्षांवरील रुग्णांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये, अशी स्पष्ट शिफारस केली आहे. लहान मुलांमध्ये सूज कमी करणारे औषध केव्हा व किती द्यावे, हे डॉक्टर वय आणि त्रास पाहून ठरवितात.

ही औषधे ज्यातून घेतात त्या इनहेलरला आपल्याकडे ‘पंप’ म्हणतात. ‘पंप हा शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही’, ही समजूत घरोघरी रुजली आहे. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते, तर २ मिलिग्रॅमच्या एका गोळीत २,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक गोळी वीस फवाऱ्यांच्या बरोबरीची झाली. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून साऱ्या शरीरभर जाते. हात कापतात, छाती धडधडते. फवारा जेथे हवा तेथेच पोहोचतो. पंपाची सवय किंवा व्यसन लागत नाही. डोळे अधू असलेल्या मुलाला चष्म्याचे व्यसन लागले, असे आपण म्हणतो काय?

स्टेरॉइड या शब्दाचीही पालकांना धास्ती वाटते. श्वासावाटे घेतलेल्या या औषधाचे प्रमाण अत्यल्प असते. दीर्घकाळ औषध घेतलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरीने सुमारे एक सेंटीमीटर कमी भरल्याचे अभ्यासात आढळले आहे आणि ते पालकांपासून लपविण्याचे कारण नाही. परंतु एका पारड्यात तो एक सेंटीमीटर आणि दुसऱ्या पारड्यात मोडलेली झोप, बुडालेली शाळा आणि जिवाचा धोका ठेवला, तर पारडे कोठे झुकते हे सांगावयास नको. औषध घेतल्यावर खळखळून चूळ भरली की तोंड येण्याचा त्रासही टळतो.

मुलांनी पंप नुसता तोंडात धरून न घेता ‘स्पेसर’ या पोकळ नळकांड्यातून घ्यावा. लहानग्यांसाठी त्याला मुखवटा लावतात. साधारण चार-पाच वर्षांनंतर मूल ते तोंडात धरून श्वास घेऊ शकते. पंप हलवावा, एक फवारा मारावा, चार-पाच श्वास शांतपणे घेऊ द्यावेत आणि मगच दुसरा फवारा मारावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसू नये, कारण घासल्याने आतील पृष्ठभाग विद्युतभारित होतो आणि औषध त्यालाच चिकटून राहते. औषध उत्तम असूनही ‘गुण येत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा दोष बहुधा पंप वापरण्याच्या पद्धतीत असतो.

घरचे एक उदाहरण

येथे मला घरचे एक उदाहरण सांगावेसे वाटते. माझी मुलगी तिसरीत असताना श्रावणात तिला दम्याचा पहिला मोठा झटका आला. डॉक्टरांनी दोन्ही पंप लिहून दिले आणि सूज कमी करणारा पंप आपणहून बंद करू नका, असे बजावले. दसऱ्यापर्यंत मुलगी ठणठणीत झाली. रात्रीचा खोकला गेला, ती दोरीवरच्या उड्या मारू लागली. मग घरात चर्चा सुरू झाली. मुलीची जात, पुढे लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, इतक्या लहान वयात स्टेरॉइड कशाला, बरी तर आहे! आरोग्याची पत्रके लिहिणे हा माझ्या नोकरीचाच भाग. तरीही डॉक्टरांना न विचारता मी तो पंप बंद केला. आरामाचा पंप तेवढा शाळेत दिला. औषधे कार्यालयात ठेवावीत असा शाळेचा नियम होता आणि त्या अर्जावर मीच सही केली होती.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली. थंडी पडू लागली होती. मैदानावर खेळताना मुलीला धाप लागली. बाईंनी तिला कार्यालयात आणले. पंप कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली लिपिकाच्या खिशात; लिपिक बँकेत गेलेला. सुमारे वीस मिनिटे मुलगी कपाटासमोर बसून होती. शेवटी शिपायाने दगडाने कुलूप फोडले. मी पोहोचलो तेव्हा ती बोलू शकत होती, पण एका वेळी एकच शब्द. ती बरी झाली. आज ती दहावीत आहे आणि तिचा पंप तिच्याच दप्तरात असतो. शाळेला मी दोष देत नाही. औषध सुरक्षित राहावे म्हणूनच तो नियम केलेला होता. परंतु मुलगी बरी दिसते म्हणून रोग गेला असे मी समजलो आणि औषध जवळ आहे म्हणजे ते हाताशी आहे असे आम्ही सर्वांनी समजलो. या दोन चुका कोठल्याही गावात, कोठल्याही दिवशी घडू शकतात. त्या टाळाव्यात, एवढ्यासाठीच मी आज आपल्यासमोर उभा आहे.

समजुतींविषयी

मृग नक्षत्राच्या सुमारास दम्यावर मासा गिळण्यासाठी आपल्याकडून माणसे हैदराबादला जातात. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घेण्याचीही प्रथा आहे. लोकांच्या श्रद्धेची टवाळी करून आरोग्यशिक्षण होत नाही, असा माझा अनुभव आहे. मात्र या उपायांनी दमा बरा होतो, असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. म्हणून पालकांना इतकेच आवर्जून सांगावे की, कोठेही गेलात तरी रोजचे औषध थांबवू नका. तीच गोष्ट पथ्याची. केळे, दही, भात यांवर सरसकट बंदी घालून वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे योग्य नव्हे. एखाद्या विशिष्ट पदार्थाने त्रास होतो असे पुन्हा पुन्हा दिसले, तरच डॉक्टरांच्या सल्ल्याने तो वर्ज्य करावा.

खेळाविषयी तर फारच गैरसमज आहेत. दमा आटोक्यात असेल, तर मुलाने खेळले पाहिजे. अमेरिकेची धावपटू जॅकी जॉयनर-कर्सी हिला दमा होता. तिने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये हेप्टॅथलॉन आणि लांब उडी या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. खेळण्यापूर्वी अंग हळूहळू तापवावे आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास आधी पंप घ्यावा. जे मूल वारंवार मैदानातून बाहेर येऊन बसते, त्याला आळशी म्हणू नये आणि कायमचे झाडाखालीही बसवू नये. त्याचा उपचार अपुरा पडत आहे, ही सूचना मानून पालकांना बोलावून घ्यावे.

शाळेने काय करावे?

प्रत्येक वर्गशिक्षकाने वर्षाच्या आरंभी दमा असलेल्या मुलांची नोंद करावी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली सूचना व पालकांची लेखी संमती आपल्याजवळ ठेवावी. वापर समजणाऱ्या मुलाचा पंप त्याच्या दप्तरात, लहान मुलाचा पंप वर्गशिक्षकाच्या हाताशी असावा. तो कुलपात ठेवू नये. वर्ग झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे अथवा ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. झाडताना आणि फळा पुसताना अशा मुलाला दूर ठेवावे.

झटका आल्यास मुलाला ताठ बसवावे; आडवे निजवू नये. भोवतालची गर्दी हटवावी आणि त्याला धीर द्यावा. आरामाचा पंप स्पेसरमधून एक फवारा आणि चार श्वास, असे चार वेळा द्यावा. चार मिनिटे थांबावे. आराम न पडल्यास पुन्हा तसेच चार फवारे द्यावेत आणि विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा ते गुंगीत जात असेल, तर वाट न पाहता तात्काळ रुग्णालय गाठावे. छातीतील आवाज एकाएकी थांबला आणि मूल मलूल पडले, तर ते सुधारणेचे नव्हे, अधिक धोक्याचे लक्षण असते. आरामाचा पंप बहुधा निळ्या रंगाचा असतो. तथापि रंगावर न विसंबता औषधाचे नाव वाचून खात्री करावी.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथून सुरू झाला. या कार्यक्रमाची पथके शाळांत व अंगणवाड्यांत येऊन मुलांची तपासणी करतात. त्यांच्या तपासणीच्या यादीत श्वासनलिकांच्या या विकाराचा समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी खोकणारे मूल गैरहजर राहणार नाही, एवढी दक्षता शिक्षकांनी घेतली तरी पुष्कळ साधेल.

पंचायतीने काय करावे?

औषध मुलाला मिळते, पण हवा सर्व गावाची असते. चुलीचा धूर हा आपल्या ग्रामीण घरांतील मोठा शत्रू. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि गॅस अनेक घरांत पोहोचला. तरीही सिलिंडर कोपऱ्यात आणि स्वयंपाक चुलीवर, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते. ज्या घरात दम्याचे मूल आहे, तेथे निदान त्याच्या झोपण्याच्या खोलीत धूर जाणार नाही, हे पाहावे. विडी-सिगारेट घरात ओढू नये. डासांसाठी बंद खोलीत उदबत्तीसारखी कॉइल जाळणेही हानिकारक आहे. एका कॉइलमधून निघणाऱ्या सूक्ष्म कणांचे प्रमाण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. मच्छरदाणी हा त्याहून निर्धोक उपाय आहे. गोधड्या-वाकळांना वरचेवर कडक ऊन द्यावे आणि ओल आलेल्या भिंतींची बुरशी काढावी.

उसाचे पाचट आणि गावचा कचरा जाळण्याऐवजी त्याचे खत करावे. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे. त्याच्या परागांनी अनेकांना शिंका आणि धाप यांचा त्रास होतो. मळणी शाळेच्या आवारालगत होऊ देऊ नये. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे. तिची अंमलबजावणी ग्रामपंचायतीने ठराव करून आणि प्रत्यक्ष लक्ष घालून घडवून आणावी. यांपैकी बहुतेक कामांना पैसा लागत नाही, लक्ष लागते. सालब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही दोन्ही श्वासावाटे घ्यावयाची औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती उपलब्ध आहेत किंवा नाहीत, नसल्यास केव्हा येणार, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येक सदस्याला आहे.

मित्रहो, दमा समूळ नाहीसा करणारे औषध अद्याप नाही. परंतु दमा असलेले मूल रात्रभर झोपेल, नेमाने शाळेत जाईल आणि मैदानावर धावेल, इतके सामर्थ्य आजच्या उपचारांत निश्चित आहे. आपल्या भाषेत ‘दमाने घ्या’ असे आपण एकमेकांना सांगतो. हा रोगही दमाने, म्हणजे धीराने आणि सातत्याने हाताळावा लागतो. बरे वाटले म्हणून औषध सोडू नये आणि झटका आला म्हणून धीर सोडू नये. आज गावी परतल्यावर आपण एकच काम करावे. आपल्या शाळेत दम्याची मुले किती आणि त्यांचा पंप या क्षणी कोठे आहे, एवढे पाहावे. तो कुलपात असेल, तर किल्ली हरवण्यापूर्वीच ते कुलूप काढावे, इतकीच माझी विनंती आहे.